लाइक आले, गिऱ्हाईक कुठंय?

पावसाळ्यात प्रदर्शनं थंडावली की या सदराकडे येणारी कलाकारांची पत्रं वाढतात. या वेळची सगळी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईची आहेत. रोख बहुतेकांचा एकच : सोशल मीडियावर काम लोकांपुढे जातंय, पण पुढे काही घडत नाही.

प्रश्न : मी नौपाड्यात राहते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. मासुंदा तलाव, कोपिनेश्वर, जुने वाडे यांची जलरंगातली चित्रं बरेच दिवस इन्स्टाग्रामवर टाकतेय. चाळीसेक लाइक येतात, त्यातले निम्मे नातेवाइकांचे. विक्री शून्य. मुलगा म्हणतो, रील्स कर.

बाई, तुमचं पान मी पाहिलं. चित्रांत खोट नाही. खोट चित्रांखालच्या मजकुरात आहे. एकाही चित्राखाली माप नाही, कागद कोणता ते नाही, किंमत नाही. ‘सांजवेळ’, ‘मनातलं ठाणं’ अशी एखादी ओळ आणि मग हॅशटॅगांचा पाऊस. आता समजा, घोडबंदर रोडला नवं घर घेतलेल्या एखाद्या जोडप्याला हॉलच्या भिंतीसाठी जुन्या ठाण्याचं चित्र हवंय. रात्री झोपताना त्यांना तुमचं चित्र दिसलं, आवडलं. पुढे? भाव विचारायचा त्यांना संकोच, सांगायचा तुम्हाला. चित्र तिथेच राहिलं.

म्हणून लिहा : ‘कोपिनेश्वर, सकाळ. जलरंग, ११ बाय १५ इंच, ३०० जीएसएम कॉटन कागद. फ्रेमशिवाय किंमत अमुक. नौपाड्यात येऊन बघता येईल, कुरिअरनेही पाठवते.’ (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते.) किंमत लिहिल्याने कलेचा अपमान होतो असं अजून पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. दालनात चित्राशेजारी किंमत असते किंवा टेबलावर किमतींची यादी असते, तेव्हा कुणाचा अपमान होत नाही. आणि चित्र विकलं गेलं की पोस्ट काढू नका, ‘विकलं गेलं’ एवढं लिहा. लोक तुमच्याकडून घेतात, हे नवख्याला त्यातूनच कळतं.

दुसरं, फोटो. तुमचा पांढरा कागद पिवळट दिसतो, कारण फोटो रात्री दिव्याखाली काढलेत. सकाळी नऊ-दहाला खिडकीजवळ काढा, पण थेट ऊन नको, आणि घरातले सगळे दिवे बंद. चित्र भिंतीला सरळ उभं करा. मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि त्याला समांतर धरा. अगदी जवळून काढलं तर कडा फुगतात, म्हणून दोन पावलं मागे या आणि थोडं झूम करा. काच असेल तर काढा, नाहीतर ग्राहकाला कोपिनेश्वराच्या कळसाशेजारी तुमचा पंखा दिसेल. कागदाची पांढरी कड फोटोत राहू द्या. मोबाइलवर रंग सुधारताना ती कड पांढरी दिसली की बाकीचे रंगही ताळ्यावर येतात.

तुमची चित्रं बहुतेक आडवी आहेत. २०२५च्या सुरुवातीला इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले, त्यामुळे आडव्या चित्राच्या दोन्ही बाजू तिथे कापल्या जातात. एकाच पोस्टमध्ये तीन फोटो द्या : आधी चित्रातला एखादा उभा तुकडा, मग पूर्ण चित्र, मग खुर्ची-टेबलाच्या वर भिंतीवर लावलेलं चित्र, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

रील्सबद्दल मुलाचं अर्ध पटतं. साधी पोस्ट प्रामुख्याने आपल्या फॉलोअर्सनाच दिसते, रील अनोळखी माणसांपर्यंत जास्त पोचते. पण त्यासाठी नाचायची गरज नाही. ओल्या कागदावर तलावाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पसरतो, त्याचं वीस सेकंदांचं चित्रण घ्या आणि वर्गात बोलायचात तसं बोला : ‘इथे पाणी जास्त झालं, आता टिपून घेते.’ इतकी वर्षं शिकवलेला आवाज आहे तुमचा, तो उसन्या गाण्याखाली कशाला दाबायचा?

प्रश्न : नेरुळला राहतो, इलस्ट्रेटर आहे. फ्लेमिंगोंचं माझं एक चित्र फेसबुकवर होतं. वाशीच्या एका प्रदर्शनात तेच टी-शर्टवर छापून विकत होते. विक्रेता म्हणाला, ‘नेटवर होतं, घेतलं.’ मी नोंदणी केलेली नाही. आता?

नेटवर होतं म्हणजे फुकट होतं, असं कुठल्याही कायद्यात नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, ती फक्त पुरावा म्हणून कामाला येते. मात्र हक्क तुमच्या रेखाटनावर आहे, विषयावर नाही. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो कुणीही काढावेत, तुमच्याच रेषा उचलू नयेत.

तर एक टी-शर्ट बिलासकट विकत घ्या. स्टॉलचा फोटो काढा. कच्ची स्केचेस, तारखेसकट मूळ फाइल आणि पहिल्या पोस्टची लिंक एका जागी ठेवा. मग लेखी कळवा : विक्री थांबवा आणि झालेल्या वापराचे इतके पैसे द्या. बरेचदा मामला इथेच मिटतो, नाहीच मिटला तर वकील. हाच माल ऑनलाइन दिसत असेल तर फेसबुक-इन्स्टाग्रामवर कॉपीराइट तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म आहे.

यापुढे मोठी फाइल चढवू नका. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र मोबाइलवर उत्तम दिसतं, पण ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) छपाईला ते जेमतेम साडेतीन इंच पुरतं. सही चित्राच्या आत, रेषांत मिसळलेली असू द्या. आडवातिडवा वॉटरमार्क मारून स्वतःच चित्राची नासाडी करू नका.

जाता जाता : मूळ चित्र विकलं म्हणून कॉपीराइट जात नाही, तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पण कुणी पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क ग्राहकाचा. तेव्हा ऑर्डर घेतानाच ‘कॉपीराइट माझ्याकडे राहील’ हे लिहून घ्या आणि त्याला मान्य असल्याचं उत्तर मागा.

प्रश्न : मी कळव्याला गाणं शिकवते. ‘सौभद्र’मधलं पद गाऊन यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचा दावा आला. नाटक तर १८८२चं!

‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या पदांवर आता कुणाचाच हक्क नाही. पण एखाद्या कंपनीने केलेल्या रेकॉर्डिंगवर असू शकतो आणि यूट्यूबची यंत्रणा आवाज आपोआप ताडून पाहते. तुम्ही मागे तयार ट्रॅक लावला असेल तर दावा बरोबर आहे, तो ट्रॅक काढा. पेटी-तबला तुमच्याच घरचा असेल तर आक्षेप नोंदवा. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. दावा आणि स्ट्राइक (हक्कदाराने व्हिडिओ काढायला लावला की चॅनलवर बसणारा ठपका) यांत गल्लत करू नका. दाव्याने सहसा जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात, चॅनल जात नाही. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर मात्र जाऊ शकतं.

अभंगांच्या बाबतीत जास्त जपा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला लावलेली चाल गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते.

प्रश्न : हॅशटॅग किती लावावेत? पोस्ट कधी टाकावी? (कोपरखैरणे)

तीन ते पाच : एक माध्यमाचा, एक गावाचा, एक विषयाचा. वेळेचं म्हणाल तर तुमचे फॉलोअर्स कधी ऑनलाइन असतात, ते तुमच्याच खात्याच्या ‘इनसाइट्स’मध्ये दिसतं.

प्रश्न : ऐरोलीला रांगोळी आणि डिजिटल चित्रं करते. परदेशातल्या एकाने माझी पाच चित्रं एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदलेली डिजिटल मालकी) म्हणून मोठ्या किमतीला मागितलीत. आधी ‘गॅस फी’, म्हणजे त्या नोंदणीचा खर्च, भर म्हणतो.

भरू नका. घेणारा पैसे देतो, मागत नाही. याच प्रकाराची देशी आवृत्ती म्हणजे ‘पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. पैसे मिळायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, आजच लावा.

प्रश्न : बेलापूरला माझा छोटा पॉटरी स्टुडिओ आहे. मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आहे. सोशल मीडियाशिवाय जमेल का?

जमेल. इन्स्टाग्रामवर पत्ता, फोन आणि नऊ चांगले फोटो ठेवा आणि बाकी विसरा. कुणी नाव ऐकून शोधलं तर सापडलात म्हणजे झालं. खरी मेहनत व्हॉट्सअॅपवर घ्या. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये स्टॉल लावाल तेव्हा टेबलावर वही ठेवा, पेल्याला हात लावून बघणाऱ्याला नंबर लिहायला सांगा आणि तिथल्या तिथे त्याला तुमचा नंबर सेव्ह करायला लावा. हे महत्त्वाचं, कारण ब्रॉडकास्ट मेसेज (एकदाच लिहून यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा जाणारा) तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. एका यादीत २५६ जण मावतात, एका चाकावर काम करणाऱ्याला एवढे पुष्कळ. रोज सुप्रभात पाठवलंत तर लोक ब्लॉक करतील. भट्टी उघडाल त्या दिवशी एक मेसेज करा : काय निघालं, कितीला आणि शनिवारी किती वाजेपर्यंत स्टुडिओत आहात.