शनिवारी ताई येते, तेवढंच

*"प्रिय काकू, वय ३१. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात तपासणी झाली, ऑटिझम निघाला. मला त्याची लाज नाही, अभिमान आहे. मामा मागे लागलेत, दिव्यांग प्रमाणपत्र काढ म्हणून. मला कुणी अपंगत्वाचे टक्के लावलेले नकोत. आई गेल्यापासून तीन वर्षं मी एकटा राहतो, एकटा कमावतो, घर सांभाळतो. शनिवारी ताई तासगावहून येऊन जाते, फोनबिन करायचे असतात ते करते, तेवढंच. मदत मागितली तर अभिमान खोटा ठरेल ना? मामांना कसं समजावू? – एक ऑटिस्टिक सांगलीकर"*

मामांचं राहू दे रे.

तुझं पत्र चार पानांचं होतं, इथे त्यातलं थोडंच छापलंय. सौदे निघतात तेव्हाचा कालवा, कानात घातलेले बोळे, बारदानाचा घशात बसणारा वास, शेतकऱ्याच्या पट्टीतली दहा पैशांची चूक तुला कशी लांबून टोचते ते, सगळं इतकं नेमकं लिहिलंयस की मी दोनदा वाचलं. त्या चार पानांत ताई दोनदाच येते. एकदा त्या "तेवढंच"मध्ये. आणि एकदा नव्या शर्टाचं मानेमागचं लेबल कसं बोचतं हे अर्धं पान सांगून झाल्यावर: "ते ताई उसवून देते."

आडून बोललेलं मला कळत नाही, असं तूच लिहिलंयस. म्हणून सरळ लिहिते. तू एकटा राहत नाहीस. तू आणि ताई मिळून तुझं घर चालवता, आणि त्यातलं ताईचं नाव तू खोडलंयस.

तीन वर्षांचे शनिवार किती झाले? दीडशेच्या वर. पेढीवर हमालाने पोतं उचललं की त्याची हमाली तू मांडतोस, तोलाई मांडतोस, सुतळीसुद्धा सोडत नसशील. हे दीडशे शनिवार कुठल्या खात्यावर मांडलेस? तिचा एसटीचा खर्च, तिच्या घरी त्या दिवशी कोण स्वयंपाक करतं ते? आणि वर मला विचारतोस, मदत मागितली तर अभिमान खोटा ठरेल का. मागण्याची वेळच तुझ्यावर कधी आली नाही, बाबा. न मागता मिळतेय.

काकू ऑटिझमवर घसरल्या असं वाटून घेऊ नकोस. याचा ऑटिझमशी काही संबंध नाही. आमच्याकडे कुणाला तो नाही, तरी आमच्या ह्यांना चाळीस वर्षं वाटत आलंय की माठ आपोआप भरतो.

आता अभिमानाचं. १८ जूनला, ऑटिस्टिक अभिमान दिनाला, तू स्टेटसला त्याचं सप्तरंगी अनंतचिन्ह ठेवतोस, छान करतोस. पण हा अभिमान ज्यांनी उभा केला त्यांच्याकडे एकदा नीट बघ. अमेरिकेतल्या ऑटिस्टिक लोकांनी स्वतःच स्वतःसाठी १९९६ साली ‘ऑट्रीट’ नावाचा मेळावा सुरू केला. तिथे रंगीत बिल्ले लावायची पद्धत होती. लाल म्हणजे माझ्याशी बोलायला येऊ नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. आणि हिरवा म्हणजे मला बोलायचंय, पण सुरुवात जमत नाही, तेवढी तुम्ही करा. हिरवा बिल्ला म्हणजे उघड मदतीची मागणी आहे, आणि ती माणसं तो दिवसभर मिरवत होती. त्यांच्या अभिमानाला त्याने तडा गेला नाही. तुझ्याच का जावा?

प्रमाणपत्र काढ. टक्क्यांचा मलाही राग येतो, माणूस म्हणजे काय हळकुंड आहे प्रत लावायला? पण १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावसुद्धा नव्हतं. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात तो आला. आता कागदावर तुझं नाव आहे तर ते वापर. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तो तरी घे. उद्या तुझी तब्येत बिघडली तर धावत येणार कोण, मामा? ताईच.

पण ते नंतर. या शनिवारी एकच काम कर. वही घेऊन ताईसमोर बस आणि ती तुझ्यासाठी काय काय करते ते तिच्याकडून वदवून घे, एकेक ओळ. ती "अरे त्यात काय एवढं" म्हणेल. ऐकू नकोस, लिहीत राहा. यादी तुझ्या अंदाजाच्या तिप्पट निघेल.

मग त्यातल्या काही ओळींवर तूच काट मारशील. फोनवर बोलणं जमत नाही, पण लिहिणं तुला फर्मास जमतं. गॅसचं बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, बँकेला ईमेल करता येतो. त्यासाठी ताईने तासगावहून यायचं कारण नाही. लेबलं कोपऱ्यावरचा शिंपी दहा-वीस रुपयांत उसवून देईल. (तिनेही हे तुला आधीच सांगायला हवं होतं. हातातलं काम काढून स्वतः करून टाकायची खोड आम्हा थोरल्या बहिणींना असतेच, मीही त्यातलीच.)

जे उरेल, त्यावर काट मारू नकोस. ते तुला लागतं. आज लागतं, साठाव्या वर्षीही लागेल. तीच वही घेऊन प्रमाणपत्राच्या तपासणीला जा. रोजच्या जगण्यात कुठे अडतं असं विचारतील, तेव्हा "तसं काही नाही" असं सांगून येऊ नकोस.

आणि ताईची परतीची एसटी कितीला असते, ते मला पुढच्या पत्रात कळव. या चार पानांत ते कुठेच नव्हतं.