रोज कॅल्शियमची गोळी आणि पालक खाल्ला की हाडांसाठी पुरे का?

आधी गोळीची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तुम्ही लिहिलंय, वय ४२, रोज १२५० मिग्रॅची एक गोळी, म्हणून दूध-दही बंद. पट्टीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅच आहे. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारच्या गोळीत २१. तुमची रोजची गरज साधारण १००० मिग्रॅ, म्हणजे गोळीने निम्मीच भागते.

दोन गोळ्या एकदम घेऊ नका. एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर गेलं की शोषणाचं प्रमाण घटतं. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबरच घ्यायचं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं, ते रिकाम्या पोटीही चालतं. थायरॉइडच्या गोळीत आणि यात ४ तासांचं अंतर हवं. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

पालकात कॅल्शियम असतं खरं, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं. जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास लागतं. पालक खा, पण कॅल्शियमच्या हिशेबात धरू नका. २५० मिली दुधातून साधारण ३०० मिग्रॅ मिळतं, तेवढ्याच दह्यातूनही जवळपास तेवढंच. मी तर म्हणेन, दूध-दही परत सुरू करा आणि जे कमी पडेल तेवढ्यापुरतीच गोळी ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल तर गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. रोज ६०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक, पट्टीवर IU), तेही तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर. मोठे डोस मनाने घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं.

शिवाय हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. कोलॅजेन या प्रथिनाच्या जाळीवर क्षार बसतात, त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम जातं. आणि हाडावर भार पडला पाहिजे: जिने चढणं, वजन उचलणं. पोहणं हृदयाला उत्तम, हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही.

पाळी थांबल्यानंतरची पहिली काही वर्षं हाडांची झीज वेगाने होते, तेव्हा १२०० मिग्रॅ धरा. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं तर मात्र आहारावर विसंबू नका, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर औषध लागतं.