टायटॅनिकमधील लोकांना वाचवणाऱ्या कार्पेथिया जहाजाचे आधी व नंतर काय झाले?

कुनार्ड कंपनीची कार्पेथिया ही मुळात प्रवासी आणि माल दोन्ही वाहून नेणारी साधी, दणकट बोट होती. इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी बांधलेल्या या बोटीची पहिली सफर मे १९०३ मध्ये लिव्हरपूलहून झाली. पुढे भूमध्य समुद्रातील बंदरांतून, विशेषतः फियुमेहून (आजचे रियेका), हंगेरीतील हजारो गरीब स्थलांतरितांना तिने न्यूयॉर्कला नेले, आणि माझ्या मते तिची खरी कारकीर्द हीच होय.

१५ एप्रिल १९१२ च्या रात्री तिच्या बिनतारी यंत्रचालकाने झोपायच्या तयारीत असतानाही कानावरचे यंत्र उतरवले नव्हते, म्हणूनच टायटॅनिकची हाक तिला कळली. कप्तान रॉस्ट्रन यांनी सगळी वाफ इंजिनांना मिळावी म्हणून खोल्यांतील उष्णता व गरम पाणी बंद करवले, लहान मुलांना वर ओढून घेण्यासाठी किंतानी पिशव्या तयार ठेवल्या आणि हिमनगांमधून वाट काढत पहाटे चारच्या सुमारास बोट तेथे पोहोचवली. सातशेहून अधिक जीव वाचले.

पहिल्या महायुद्धात, १७ जुलै १९१८ रोजी, आयर्लंडच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीच्या पाणतीरांनी ती बुडाली. त्यात पाच कर्मचारी दगावले आणि बाकीच्यांना स्नोड्रॉप या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून घेतले.