अंतर सारखे, सुवर्णपदक मात्र एकालाच

प्रश्न : आंतरराष्ट्रीय विद्यार्थी क्रीडास्पर्धेतील पुरुषांच्या लांब उडीचा निकाल वाचताना पहिल्या दोघांच्या नावापुढे सेंटिमीटरपर्यंत सारखेच अंतर दिसले, तरीही एकाला सुवर्ण आणि दुसऱ्याला रौप्यपदक दिले गेले. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत बार्शिम आणि तांबेरी यांनी सुवर्णपदक वाटून घेतले होते. मग इथे तसे का झाले नाही?

उत्तर : निकालाच्या तक्त्यात ठळक छापलेला आकडा त्या खेळाडूची केवळ सर्वोत्तम उडी सांगतो. अंतिम फेरीत साधारणपणे बारा खेळाडू असतात. प्रत्येकाला तीन प्रयत्न मिळतात आणि त्यांतील पहिल्या आठांना आणखी तीन. दोघांची सर्वोत्तम उडी सारखी ठरली, तर ज्याची दुसऱ्या क्रमांकाची उडी अधिक लांब तो वरचा. तीही सारखी असेल तर तिसरी पाहिली जाते. आपण उल्लेख केलेल्या टोकियोतच पुरुषांच्या लांब उडीत ग्रीसचा तेंतोग्लू आणि क्यूबाचा एचेवारिया या दोघांचीही सर्वोत्तम उडी ८.४१ मीटर होती, परंतु तेंतोग्लूची दुसरी उडी ८.१५ आणि एचेवारियाची ८.०९ असल्यामुळे सुवर्णपदक तेंतोग्लूकडे गेले. पुढल्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुरली श्रीशंकरला याच नियमाने रौप्यपदकावर समाधान मानावे लागले : बहामाच्या लाक्वान नेर्नइतकीच, म्हणजे ८.०८ मीटर उडी मारूनही तो दुसऱ्या उडीच्या तुलनेत मागे पडला. उंच उडीत अपयशी प्रयत्न मोजूनही बरोबरी सुटली नाही, तर अतिरिक्त उड्यांनी निर्णय लावता येतो किंवा पदक वाटून घेता येते. लांब उडीत मात्र अतिरिक्त उडीची तरतूदच नाही. सहाही उड्यांची तुलना करून बरोबरी राहिलीच तर ती तशीच कायम ठेवली जाते, पण तसा प्रसंग विरळाच.

म्हणूनच आघाडीवर असलेल्या खेळाडूने उरलेले प्रयत्न सोडून देणे मला नेहमीच धोक्याचे वाटते. तक्त्यातील आडवी रेघ म्हणजे असा सोडलेला प्रयत्न आणि फुली म्हणजे अवैध उडी.

प्रश्न : एका उडीच्या अंतरापुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर होते. तिला वाऱ्याचे साहाय्य मिळाले असेल, तर ती बाद का केली नाही?

उत्तर : कारण वाऱ्याची मर्यादा विक्रमासाठी आहे, क्रमवारीसाठी नाही. खेळाडू उड्डाणरेषेपासून, म्हणजे जिच्या अलीकडून झेप घ्यावी लागते त्या रेषेपासून, ४० मीटरवरील खूण ओलांडतो तेव्हापासून पाच सेकंद वाऱ्याचा वेग मोजला जातो. तो सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक भरला, तर ती उडी विक्रम म्हणून धरली जात नाही, पण पदकासाठी पूर्ण ग्राह्य राहते. १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत कार्ल लुईसने ८.९१ मीटर उडी मारली, तेव्हा वारा २.९ होता. बॉब बीमनने १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत केलेला ८.९० चा विक्रम तिने मोडला असे धरले गेले नाही. मात्र त्याच सायंकाळी माइक पॉवेलने ०.३ वाऱ्यात ८.९५ मीटर गाठले नसते, तर सुवर्णपदक लुईसचेच होते. गंमत अशी, की बीमनच्या उडीच्या वेळी वारा बरोबर २.० नोंदला गेला होता, आणि २,२४० मीटर उंचीवरील विरळ हवेला तर नियमात कोणतीच मर्यादा नाही. याच मेक्सिको सिटीत १९७९ च्या विद्यार्थी स्पर्धेत पिएत्रो मेनियाने २०० मीटर धावण्याचा १९.७२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, जो १९९६ पर्यंत टिकला.

एकाच फेरीत एकाला अनुकूल आणि दुसऱ्याला प्रतिकूल वारा मिळतो, हा अन्याय आहे खरा. परंतु प्रयत्नासाठी एक मिनिट मिळते, आणि झुळकीची वाट पाहत धावपट्टीच्या टोकाशी थांबायचे की निघायचे, हे ठरवणे हेही कौशल्यच म्हणावे लागेल.

प्रश्न : पाऊल झेप घेण्याच्या फळीवरच पडल्यासारखे दिसले, तरी पंचांनी लाल झेंडा दाखवला. असे कसे?

उत्तर : फळी २० सेंटिमीटर रुंद असते आणि तिची वाळूकडील कड हीच उड्डाणरेषा. पूर्वी रेषेपलीकडील प्लॅस्टिसिनवर (ठसा उमटणाऱ्या मऊ लगद्यावर) खूण उमटली की उडी अवैध ठरत असे, त्यामुळे बुटाचे टोक हवेत थोडे पुढे गेले तरी खेळाडू वाचत असे. २०२१ च्या नोव्हेंबरपासून रेषेवरील काल्पनिक उभी पातळी बुटाच्या टोकाने ओलांडली तरी उडी अवैध धरतात. प्रेक्षकांच्या सज्जातून हा फरक दिसणे जवळजवळ अशक्यच. याउलट फळीच्या मागून झेप घेतली, तरी अंतर उड्डाणरेषेपासूनच मोजले जाते आणि मागे राहिलेले सेंटिमीटर वाया जातात.

प्रश्न : या स्पर्धेत पदवी घेतलेला खेळाडू उतरू शकतो का?

उत्तर : होय, पदवी आदल्या वर्षी मिळालेली असेल तर. वयाची अट १८ ते २५ वर्षांची आहे.