नोटिशीआधी जॉब कार्डवरची तारीख बघा

ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक कपलरमधून (ट्रॉलीची तेलाची नळी जिथे जोडतात त्या जोडातून) तेल गळत होतं, डीलरने वॉरंटीत दोनदा कपलर बदलला, तरी टिपिंग ट्रॉलीचा होज, म्हणजे ती नळी, भरल्या ट्रॉलीला निसटला. आता डीलर म्हणतो, 'तुम्हीच हातोडी मारलीत.' त्याला वकिलाची नोटीस पाठवू का, असं तुम्ही विचारता. अशी पत्रं सतत येतात आणि प्रत्येकाला घाई नोटिशीची असते.

पाठवायची तर पाठवा. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 आधी वाचा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. गळतीची पहिली नोंद असलेल्या तुमच्या जॉब कार्डला, म्हणजे डीलरच्या वर्कशॉपने दिलेल्या दुरुस्तीच्या कागदाला, पुढच्या महिन्यात दोन वर्षं पुरी होतात. नोटिशीने किंवा 'सोमवारी मेकॅनिक पाठवतो' या आश्वासनाने मुदत वाढत नाही. दुरुस्तीनंतर मुदत नव्याने धरावी असा युक्तिवाद करता येईल, विलंबमाफीचा अर्जही आहे. पण हातात दिवस असताना त्या भरवशावर कशाला राहायचं?

काढलेले दोन्ही कपलर तुम्ही डीलरकडेच सोडून आलात, पोचही घेतली नाहीत. कमाल आहे! निदान तिसरा तरी न पुसता, आहे तसा पिशवीत बांधून ठेवा. दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल, तर कलम 38 खाली आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे हातोडीचा ठोका लपत नाही. उन्हात उभ्या ट्रॉलीच्या होजमध्ये दाब अडकला की त्याच्या टोकाचा मेल कपलर ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये बसत नाही आणि मग बरेच जण ठोकाठोकी करतात. तुम्ही केली असेल तर वकिलाला आधीच सांगा. ट्रॉलीचा मेल कपलर दुसऱ्या मापाचा निघाला तरी दोष कुणाच्या माथी जाईल, आज सांगता येणार नाही.

ट्रॅक्टर भाड्याने फिरवत असाल तर 'व्यापारी हेतू'चा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, आक्षेप येईल. स्वतः चालवून पोट भरत असाल तर त्याला उत्तर आहे. ट्रॅक्टर 5 ते 10 लाखांचा असेल तर तक्रारीचं शुल्क 200 रुपये. तपासणीच्या प्रकरणात निकाल पाच महिन्यांत लावावा, असं कायदा म्हणतो. म्हणू दे. तुम्ही वर्षांच्या हिशेबाने तयारी ठेवा.

तोवर गळती कुठे आहे हे बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. आणि तक्रार याच आठवड्यात दाखल करा.