बसऱ्याची देवी

तुमचा प्रश्न असा आहे: महाराष्ट्रातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली, तरी मराठीत युद्धावरचं साहित्य का दिसत नाही? युद्धानं, प्रवासानं, आठवणींनी साध्या माणसाचं काय होतं ते कुठं वाचायला मिळेल?

मी सातारा तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. पुस्तकांकडे वळण्याआधी आमच्या देव्हाऱ्यातली एक वस्तू सांगते, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू झालं.

ती कांशाची एक गोल तबकडी आहे, चहाच्या बशीएवढी. तिच्यावर एक बाई उभी आहे. हाताशी त्रिशूळ, पुढ्यात सिंह. आजी तिला ‘बसऱ्याची देवी’ म्हणायची. रोज हळदकुंकू, शुक्रवारी गूळफुटाणे. आजी तिच्या आईवडिलांची एकुलती एक, म्हणून तिची आई गेल्यावर ही देवी तिच्याबरोबर आमच्या घरी आली. लहानपणी मला वाटायचं, बसरा कराडच्या पलीकडं कुठंतरी असेल. आजी जात्यावर बसली की एका ओवीत पहिली ओळ ‘बसरा’वर संपायची आणि दुसरी ‘दसरा’वर. ती ओवी तिच्या आईची.

मी सहावीत होते. नुकतं इंग्रजी वाचता यायला लागलं होतं आणि दिसेल ते वाचायची हौस होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देव घासायला काढले. चिंचेनं घासल्यावर तबकडीच्या कडेनं अक्षरं वर आली. ‘स्वातंत्र्य आणि सन्मान यासाठी त्यानं प्राण दिले’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. आणि सिंहाच्या वर, एका चौकटीत, एक मराठी नाव इंग्रजी अक्षरांत. मी ते अडखळत, मोठ्यानं वाचलं. आजी घेवडा निवडत होती. तिचा हात थांबला. “परत वाच,” म्हणाली. मी वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “ह्ये तर आमच्या बाबाचं नाव हाय. आन आमी त्येला हळद लावतुया.”

बाबा म्हणजे तिचे वडील. ती रांगत होती तेव्हा पलटणीत गेले, ते आलेच नाहीत. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला इंग्रज सरकारनं अशी तबकडी पाठवली होती. बाई म्हणजे त्यांची ब्रिटानिया, त्यांच्या देशाचं प्रतीक. आजीच्या आईला हे माहीत असणारच, तबकडी तिच्याच हातात पडली होती. पण तिनं मुलीला कधी सांगितलं नाही. त्या काळात विधवेला स्वतःच्या कपाळाला कुंकू लावता येत नव्हतं. त्या तबकडीला ती रोज लावायची.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

लढायला जाणारी घरं आणि लिहिणारी घरं आपल्याकडे वेगळी होती, हे पहिलं कारण. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. पण ज्या हातात बंदूक होती त्या हाताला तेव्हा लेखणी ठाऊक नव्हती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत नावाच्या गावात सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस तोंडात घ्यायला नकार दिला. शेवटी शरणागती पत्करल्यावर सुमारे 13 हजार माणसं कैद झाली आणि त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. किती जण वाटेतच पडले. त्याच मुलखातल्या बसरा शहराजवळच्या स्मारकावर 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायांची नावं भिंतीवर कोरली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. आजीचे वडील कूतमध्ये गेले, त्या चालीत गेले की आणखी कुठं, आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं नाव अक्षरांत उमटलेलं आम्ही पाहिलं ते फक्त त्या तबकडीवर.

फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांनी घरी पत्रं लिहिली किंवा दुसऱ्याकडून लिहवून घेतली. सेन्सॉरनं ती उघडली, त्यातल्या काहींचे उतारे इंग्रजीत उतरवून घेतले, आणि आज ते उतारे लंडनला जपलेले आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेली. म्हणजे आपल्याच माणसाचं दुःख वाचायचं तर ते परक्या भाषेतून, त्याची पत्रं उघडणाऱ्याच्या वहीतून वाचायचं. हे मला अजून पचत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत आले की मराठीत युद्ध शोधताना रणभूमीवर जाऊ नका. वाटेवर शोधा. जो दुसऱ्याच कामासाठी घरातून निघाला आणि मध्येच लढाईत सापडला, त्याच्याकडे बघा.

या वाटेवरचं पहिलं पुस्तक ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली चुलत्यांबरोबर उत्तरेला निघाले ते दक्षिणेसाठी. घरात कर्ज होतं आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली होती. राज्य बुडवायला नाही की वाचवायला नाही, चार पैसे मिळवायला निघालेला भिक्षुक. वाटेत शिपाई भेटतात, काडतुसांची कुजबुज कानावर येते, आणि बघता बघता हा माणूस झाशीच्या वेढ्यात आत अडकतो. तोफगोळे, लूट, आळीआळीत पडलेली प्रेतं, लपून काढलेल्या रात्री, हे सगळं तो सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्यात कुठंही पवित्रा नाही. भूक लागली तर भूक लागली म्हणतो, भीती वाटली तर भीती. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला राणी लक्ष्मीबाई भेटते. धुळीनं माखलेली, तहानलेली. तो पाणी काढून द्यायला पुढे होतो, ती त्याला थांबवते आणि स्वतः काढून ओंजळीनं पिते. आपण लहानपणापासून घोड्यावर बसलेली राणी चित्रात बघत आलो. या भटजीनं ती विहिरीच्या काठावर पाहिली. मी हा भाग वर्गात वाचून दाखवायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

आणि परत येताना त्यानं काय आणलं? पैसा वाटेत लुटला गेला. आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड मात्र खांद्यावरून घरापर्यंत आणली. हे सगळं त्यानं लिहिलं ते जवळजवळ पंचवीस वर्षांनी, आठवणीतून, आणि छापलं गेलं 1907 साली. इंग्रजांच्या राज्यात असलं पुस्तक छापणं सोपं नव्हतं. इतकी वर्षं मनात राहिलेली गोष्ट घटनेसारखी राहत नाही. काही तारखा हलतात, काही माणसं मोठी होतात. तरी विहिरीवरची ती ओंजळ मला खरी वाटते.

पाण्यावरून एक दुसरा प्रवास आठवतो, आणि तो तर आमच्या जिल्ह्यातलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील फौजेत सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्याला राहिलं आणि 1900 साली भीमराव इथल्याच शाळेत दाखल झाले. वडील तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते, तिथं तलाव बांधला जात होता. 1901 साली सुट्टीत हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा घरातल्या मुलांबरोबर आगगाडीनं वडिलांकडे निघाला. नवे कपडे, जरीची टोपी, केवढा आनंद. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कुणी नाही, कारण मुलांनी पाठवलेलं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला. मुलं महार आहेत कळताच दूर झाला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. डब्यात भरपूर जेवण होतं. पाणी कुणी दिलं नाही. ती रात्र त्यांनी तहानेनं काढली.

बाबासाहेबांनी हा प्रसंग तीसेक वर्षांनी इंग्रजीत लिहिला, पुढे तो मराठीत आला. तुम्ही म्हणाल, यात युद्ध कुठं आहे? माझ्या मते आहे. फौजेनं त्या घराला अक्षर दिलं, पेन्शन दिली, ताठ चालायला शिकवलं. ज्या सरकारसाठी बाप लढला त्याच्याच राज्यात पोराला घोटभर पाणी मिळालं नाही. मी मसूरवरून कितीदा गेले असेन. आता तिथं प्लॅटफॉर्मवर नळ आहेत. ते दिसले की मला ती गाडी हाकणारी पोरं आठवतात.

कादंबरी एकच वाचायची असेल तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचा, 1939 सालची. नाव रणांगण, पण आत एकही लढाई नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे, जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू आहेत, मायदेशी परतणारा एक मराठी तरुण आहे आणि त्या ज्यूंपैकी एक तरुणी, हेर्टा आहे. थोड्या दिवसांची जलयात्रा. एकाला उतरायला गाव आहे, दुसरीला जगात कुठंच नाही. शेवट मी सांगणार नाही. दुसरं महायुद्ध जेमतेम पेट घेत होतं तेव्हा मराठीत हे लिहून झालं होतं, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

सांगली जिल्ह्यात या, तेव्हा त्यातला वाटेगावचा भाग साताऱ्यातच होता. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबईला गेले. शाळा जवळजवळ नाहीच. गिरणीत काम केलं, पाट्यांवरून अक्षरं जुळवली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रशियातल्या स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा रचला. गिरणगावातल्या, घाटावरून आलेल्या कामगाराला डफ-तुणतुण्यावर व्होल्गाकाठची लढाई आपली वाटली, कारण सांगणारा त्याच्यासारखाच चालत आलेला होता. पुढे 1961 साली ते खरोखरच रशियाला गेले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. लढाई आधी गायली आणि तो देश नंतर पाहिला, असं फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ही हातात घ्या. माडगूळ त्यांचं गाव, आटपाडी तालुक्यातलं. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर इकडे ब्राह्मणांची घरं जळली, त्या दिवसांत तीन मित्र पुण्याहून आपल्या गावी निघतात. तेही युद्ध नव्हे. पण ओळखीची वाट एका रात्रीत अनोळखी होते, ती कशी, ते तिथं आहे. आमच्या भागातले लोक या विषयावर अजून दबक्या आवाजात बोलतात.

ओव्यांबद्दल मात्र आग्रहानं सांगते. शिपायाच्या घरचं खरं साहित्य बायकांनी पहाटे जात्यावर रचलं. त्यात लढाईचं वर्णन नाही, भाऊ कधी येणार, नवरा कुठल्या मुलखात आहे, मनिऑर्डर आली का, एवढंच. जाती बंद झाली तशा ओव्याही गेल्या. काही अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून हजारो ओव्या जमवल्यात, म्हणून तेवढ्या तरी उरल्या. आजीची मी लिहून घेतली नाही. ‘बसरा’ आणि ‘दसरा’ एवढे दोन शब्द राहिलेत, मधलं सगळं गेलं. तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर पुस्तकं मागाहून वाचा, आधी त्यांच्यापाशी वही घेऊन बसा.

तबकडी अजून देव्हाऱ्यात आहे. नाव कळल्यावर आजीनं तिला उचलून पूर्वजांच्या टाकांशेजारी ठेवलं, पण हळदकुंकू बंद केलं नाही, आणि देवी म्हणायचंही सोडलं नाही. दसऱ्याला विळा-कोयत्याबरोबर तिचीही पूजा होते. भांडी घासायची पावडर तिला लावायची नाही, चिंचेनंच घासायचं, असं आई दरवर्षी सुनांना बजावते. नावातली पहिली दोन अक्षरं आता बोटाला लागत नाहीत.