वाचकांचे प्रश्न : वाळवंटातून ग्रँड कॅनियनकडे

अमेरिकेतील ग्रँड कॅनियनविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न (ठाणे) : मे महिन्यात पती, पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी दोन मुले असे आम्ही चौघे तीन दिवस लास वेगासला असणार आहोत. एक दिवस भाड्याने गाडी घेऊन ग्रँड कॅनियन पाहून रात्री परत यावे, असा विचार आहे. पश्चिम कडा जवळ आहे, दक्षिण कडा लांब आहे, असे कळते. कोणता निवडावा? गाडी मी स्वतः चालवणार आहे.

उत्तर : आपण दक्षिण कडा निवडावा आणि एक दिवसाऐवजी दोन दिवस ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पश्चिम कडा लास वेगासपासून साधारण २०० किलोमीटरवर, म्हणजे सव्वादोन तासांवर आहे आणि २००७ साली सुरू झालेला घोड्याच्या नालेच्या आकाराचा काचेचा पूल तेथेच आहे. मात्र हा भाग राष्ट्रीय उद्यानात मोडत नाही; तो हुआलापाई या आदिवासी समाजाच्या मालकीचा असून त्याचे तिकीट वेगळे असते. दरीच्या तोंडावर काचेवरून चालण्याची हौस असेल तर तेथे अवश्य जावे. परंतु ज्या दृश्यासाठी माणसे जगभरातून येतात, ते नजर पोचेल तिथवर पसरलेले शिखरांचे आणि घळींचे अफाट जंगल दक्षिण कड्यावरूनच दिसते. दरी तेथे अनेक ठिकाणी सोळा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे आणि खोली सुमारे दीड किलोमीटर आहे.

दक्षिण कडा लास वेगासपासून ४५० किलोमीटर दूर असून एका बाजूचा प्रवास साडेचार तासांचा आहे. एका दिवसात जाऊन येणारे लोक पुष्कळ आहेत, पण ते दुपारी पोचतात. ऊन डोक्यावर असल्यामुळे त्या वेळी दरीत सावल्या नसतात, खडकांचे रंग फिके पडलेले असतात आणि सगळी खोली एखाद्या पडद्यावर रंगवल्यासारखी सपाट दिसते. हीच दरी सूर्य मावळण्याआधीच्या तासात आणि सकाळी उजाडताना पाहिली तर ती तीच आहे यावर विश्वास बसत नाही. सावली वर सरकते तसतसे एकेक शिखर मागच्या खडकापासून सुटे होत जाते. त्यामुळे कड्यावरच्या वस्तीत, जवळच्या तुसायान गावात किंवा तासाभराच्या अंतरावरील विल्यम्स येथे रात्रीचा मुक्काम करावा. कड्यावरच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात, म्हणून विमानाच्या तिकिटांबरोबरच त्यांचे आरक्षण करून टाकावे.

वाटेचाही आनंद घ्यावा. लास वेगासहून निघाल्यावर हूवर धरण लागते, मग मोहावे वाळवंटाचा उघडा, राखी मुलूख आणि पुढे किंगमन. किंगमनपासून सेलिगमनपर्यंत महामार्ग सोडून जुन्या रूट ६६ या रस्त्याने गेल्यास तासभर जास्त लागेल, पण मालगाड्यांच्या मैलभर लांब रांगा सोबतीला असतात आणि रस्ता बहुतेक मोकळा असतो. पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की दिसेल त्या पंपावर ती भरून घ्यावी. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून जादा चाक आहे की नाही ते पाहावे. माझ्या एका प्रवासात ते नव्हते आणि हे मला रस्त्याच्या कडेला, भर दुपारी, फाटलेल्या टायरजवळ उभे असताना कळले. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून मूळ परवान्याबरोबर ठेवावा. अमेरिकेत गाडी उजव्या बाजूने चालवतात; सवयीने डाव्या बाजूला जाण्याची चूक सरळ महामार्गावर सहसा होत नाही. ती होते पंपावरून किंवा हॉटेलच्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर वळताना, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने तेवढे लक्ष ठेवावे. विल्यम्सपासून कड्यापर्यंतच्या रस्त्यावर तिन्हीसांजेनंतर एल्क नावाची, आपल्या सांबराहूनही मोठी हरणे आडवी येतात, त्यामुळे अंधार पडण्याआधी पोचणे बरे.

खर्चाविषयी एक महत्त्वाची गोष्ट. उद्यानात प्रवेशासाठी एका मोटारीला ३५ डॉलर पडतात आणि ते तिकीट सात दिवस चालते. मात्र २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या सोळा वर्षांवरील पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. आपल्या चौघांचे ४०० डॉलर होतील; त्याऐवजी परदेशी पाहुण्यांसाठीचा २५० डॉलरचा वार्षिक पास स्वस्त पडेल. निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर ताजे दर पाहून घ्यावेत.

प्रश्न (कोल्हापूर) : माझे वय ७१ आहे व सौभाग्यवतींचे ६६. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. जून महिन्यात आम्ही फिनिक्सला मुलीकडे असू. जावई गाडीने ग्रँड कॅनियनला नेतो म्हणतात. वाळवंटातील उन्हाळा आम्हांला झेपेल का?

उत्तर : झेपेल, कारण आपण जाणार आहात ती जागा वाळवंटाच्या वर, बऱ्याच थंड हवेत आहे. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटर उंचीवर आहे आणि जूनमध्ये तेथील पारा सहज चाळिशी ओलांडतो. दक्षिण कडा सुमारे २१०० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही साडेचारशे मीटर वर. जूनमध्ये तेथे दिवसा २७ अंशांच्या आसपास तापमान असते आणि पहाटे स्वेटर लागतो.

फिनिक्स ते कडा हे ३७० किलोमीटर साडेतीन तासांत होतात आणि तेवढ्या वेळात खिडकीबाहेरचा सारा निसर्ग बदलतो. सुरुवातीला हात वर करून उभ्या असलेल्या माणसांसारखे सग्वारो निवडुंग टेकड्याटेकड्यांवर दिसतात, घाट चढताना ते विरळ होत नाहीसे होतात, मग पिवळ्या गवताची पठारे लागतात आणि फ्लॅगस्टाफ येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाँडेरोसा पाइनचे उंच जंगल उभे राहते. मागच्या सीटवर ठेवलेले चिवड्याचे बंद पाकीट या वाटेवर हळूहळू फुगत जाऊन उशीसारखे टम्म झालेले मी पाहिले आहे. बाहेरच्या हवेचा दाब कमी होत असल्याची इतकी सोपी खूण दुसरी नाही. हा बदल शरीरालाही जाणवतो. म्हणून फ्लॅगस्टाफला अर्धा-पाऊण तास थांबून चहा घ्यावा, पोचल्यावर पहिले दोन तास सावकाश वावरावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे, कारण तेथील कोरड्या हवेत घाम वाळून जातो आणि आला होता हेही कळत नाही. गोळ्यांविषयी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरातील पाणी कमी होते आणि उन्हात त्याचा त्रास होऊ शकतो. गोळ्या बंद गाडीत ठेवू नयेत.

सौभाग्यवतींच्या गुडघ्यांची काळजी तेथे थोडी कमी होईल. मेदर पॉइंटपासून वस्तीपर्यंत कड्याच्या काठाने फरसबंद पायवाट आहे, जागोजागी बाके आहेत आणि उद्यानाच्या मोफत बस सतत फिरत असतात. पश्चिमेकडच्या हर्मिट रस्त्यावर १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंदीच असते, सगळ्यांनी बसनेच जायचे असते. त्या रस्त्यावरचा होपी पॉइंट सूर्यास्तासाठी उत्तम. दुसऱ्या दिवशी जावयांना पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू रस्त्याने परत न्यायला सांगावे. त्या टोकाला १९३२ साली मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी बांधलेला दगडी मनोरा आहे आणि इतर बहुतेक ठिकाणांहून लपून राहणारी कोलोरॅडो नदी तेथून नीट दिसते. मनोऱ्याचा जिना मात्र टाळावा, खालूनही दृश्य तेच आहे.

प्रश्न (टेंपी, अ‍ॅरिझोना) : आम्ही पाच मराठी विद्यार्थी येथे शिकतो. सह्याद्रीत आम्ही भरपूर भटकलो आहोत. जुलैमध्ये ब्राइट एंजल वाटेने नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर यायचे ठरवत आहोत. काय तयारी करावी?

उत्तर : हा बेत कृपया रद्द करावा. जुलैत तर नाहीच, आणि इतर ऋतूंतही एका दिवसात नदी गाठून परत येऊ नये, असे उद्यानाचे वनरक्षक वाटेच्या तोंडाशी पाट्या लावून सांगत असतात. त्या पाट्या अनुभवातून लिहिलेल्या आहेत, कारण दर उन्हाळ्यात वनरक्षकांना चांगल्या तब्येतीच्या तरुण मुलांनाच खालून उचलून आणावे लागते.

सह्याद्रीचा अनुभव येथे नेमका उलटा पडतो. गडावर आपण सकाळच्या गारव्यात, ताज्या दमाने चढतो आणि थकलेल्या पायांनी उतरतो. अंगात त्राण उरले नाही तरी उतार आपल्याला पायथ्याशी आणून सोडतो. ग्रँड कॅनियनमध्ये सकाळी उतरणे इतके सुखाचे असते की कुठे थांबावे हे कळत नाही आणि चढ सुरू होतो तो भर दुपारी, दमल्यावर. नदीपर्यंत सुमारे तेरा किलोमीटर चाल आणि १३०० मीटरहून अधिक उतार आहे. शिवाय जसजसे खाली जावे तसतशी हवा तापत जाते. काठावर २८ अंश असताना तळाशी चाळीसच्या वर पारा असतो आणि दुपारी काळे खडक भट्टीसारखे धगधगतात. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, असा तेथील साधा हिशेब आहे.

जुलैतच जायचे असेल तर पहाटे निघून दीड मैलावरच्या पहिल्या विश्रांतीगृहापर्यंत उतरावे आणि सकाळी दहाच्या आत पुन्हा काठावर यावे. साउथ कैबाब वाटेवरचा ऊ-आ पॉइंट त्याहूनही जवळ, सुमारे दीड किलोमीटरवर आहे आणि तेथून दोन्ही बाजूंना उघडी दरी दिसते, पण त्या वाटेवर पाणी अजिबात मिळत नाही. नुसते पाणी पीत राहणेही घातक ठरते, कारण घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही आणि रक्तातील सोडियम घसरते. खारे शेंगदाणे, चकल्या, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे. नदी पाहण्याची इच्छा मनापासून असेल तर ऑक्टोबरअखेरीस तळाशी मुक्कामाचा परवाना काढून दोन दिवसांत जाऊन यावे. तुम्ही पाचही जण धडधाकट आहात, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

प्रश्न (डोंबिवली) : ऑगस्टमध्ये ग्रँड कॅनियनबरोबर पेज गावाजवळची अँटिलोप कॅनियन पाहता येईल का? पावसाचा त्रास असतो का?

उत्तर : पाहता येईल, मात्र ती नावाहो समाजाच्या भूमीवर असल्याने त्यांच्या वाटाड्याबरोबरच जावे लागते आणि आरक्षण आधी करावे लागते. अ‍ॅरिझोनातही जुलै ते सप्टेंबर पावसाळी वारे येतात आणि तेथील लोक त्यांना मान्सूनच म्हणतात. दुपारनंतर गडगडाटी सरी कोसळतात. आपण सांदण दरी पाहिली असेल तर हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोपमध्ये अचानक लोंढा येऊन अकरा पर्यटक दगावले. पाऊस तिथे नव्हे, काही मैलांवर पडला होता. वाटाड्याने फेरी रद्द केली तर वाद घालू नये. सकाळची वेळ घ्यावी.

प्रश्न (नाशिक) : मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. अमेरिकेला जाण्याचा योग येईल असे वाटत नाही. ग्रँड कॅनियनमध्ये विष्णू आणि शिव यांच्या नावाची शिखरे आहेत असे वाचले, ते खरे आहे का? आणि तेथील आडवे थर आपल्या सह्याद्रीसारखेच आहेत का?

उत्तर : नावे खरी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने या प्रदेशाचे सर्वेक्षण केले. दरीच्या मधोमध सुट्या उभ्या राहिलेल्या, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत गेलेल्या शिखरांत त्याला पौर्वात्य मंदिरे दिसली आणि नकाशावर विष्णू टेंपल, शिव टेंपल अशी नावे आली. ती उपमा अगदी चपखल आहे. हेमाडपंती देवळाच्या पीठाचे थर लक्षात ठेवून विष्णू टेंपलकडे पाहावे, म्हणजे डटनच्या मनात काय आले असेल ते कळते. पुढे तळाच्या अतिशय जुन्या, काळ्या रूपांतरित खडकालाही विष्णू शिस्ट हे नाव मिळाले.

थरांचे साम्य मात्र वरवरचे आहे. सह्याद्रीचे थर लाव्हाचे आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले. ग्रँड कॅनियनच्या भिंती बहुतांशी गाळाच्या खडकांच्या आहेत: उथळ समुद्राच्या तळाचा चुनखडक, किनाऱ्याचा चिखल, वाळवंटातील टेकड्यांचा वालुकाश्म. काठावर आपण उभे राहतो तो कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा आहे आणि त्यात समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. तळाचा विष्णू शिस्ट सुमारे १७५ कोटी वर्षांचा. नदीने ही दरी मात्र गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दक्षिण कड्यावर हे आकडे पायांनी मोजता येतात. यावापाई संग्रहालयापासून वस्तीकडे जाणाऱ्या पायवाटेवर काळाची वाट आखलेली आहे. तिचा एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे. वाटेत त्या त्या वयाच्या खडकांचे मोठे तुकडे दरीतून आणून बसवले आहेत आणि त्यांना हात लावता येतो. त्या वाटेवर दरीचे कोरले जाणे पाच-सहा मीटरांत संपते. आपल्या त्र्यंबकच्या डोंगराचा दगड तेथे नाही, पण असता तर तो पासष्टाव्या-सहासष्टाव्या मीटरवर बसवावा लागला असता. कैबाब येतो २७० मीटरांवर, आणि विष्णू शिस्टच्या काळ्या, अभ्रकाने चमकणाऱ्या तुकड्यापाशी पोचायला पावणेदोन किलोमीटर चालावे लागते. आपल्या विद्यार्थ्यांना शाळेच्या मैदानावर अशी वाट आखून दाखवता येईल. मैदान शंभर मीटरचे असेल तर एका मीटरला दोन कोटी वर्षे धरावीत, म्हणजे सह्याद्री तिसऱ्या-चौथ्या मीटरशी येईल आणि विष्णू शिस्ट पलीकडच्या कुंपणाच्या अलीकडे.